डाव

विगोच्या बंदरामागच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
ओब्दुलिया पडद्यावरची जहाजं टिपते आहे.
वीस जहाजं. दिसेल त्याला बोटाने शिवायचं.
ती अकरा शिवते, हात झटकते, म्हणते, संपली.
डावीकडची नऊ
तशीच उभी राहतात नांगर टाकून.

संगणक म्हणतो, छान प्रयत्न.
तो सगळ्यांनाच म्हणतो, त्याच आवाजात,
शेजारच्या खोलीतल्या टॅक्सीवाल्यालासुद्धा,
ज्याला अजून आपल्या मुलीचं नाव जुळवता येत नाही.

डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टरांनी तपासलेत.
फक्त मेंदूने,
उजव्या बाजूच्या एका गुठळीपायी,
जगाची डावी बाजू डावलली आहे.
ताटातली अर्धी तारली खाऊन ती आचाऱ्यावर खेकसते,
अर्ध्याच केसांतून कंगवा फिरवते,
आणि घड्याळ काढ म्हटलं तर
बाराच्या बारा आकडे उजव्या अंगाला कोंबते,
शेवटच्या बसमध्ये माणसं कोंबावीत तसे.

चौतीस वर्षं हिने मासळीचा लिलाव पुकारला.
पहाटे चारला, ओल्या फरशीवर, रबरी बुटांत.
आमच्याकडे भाव चढत नाही, उतरतो:
नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी,
एका श्वासात साठपर्यंत,
आणि चाळीस खरेदीदारांत कुणाची भुवई हलली
हे हिला पाठमोरी असतानाही कळायचं.

मी इंजिनं दुरुस्त करायचो. मला एवढंच ठाऊक
की गाळ काढला की पंप चालतो.
डोक्याचं तसं नसतं, उशिया सांगते.
वाट बुजली तर बाजूने पायवाट पाडायची,
आणि पायवाट पडते ती चालून चालून.
म्हणून रोज पाऊण तास, आठवड्यात पाच दिवस,
डावावर डाव.

पडद्याच्या डाव्या काठावर आता एक लाल रेघ आहे.
रेघ सापडल्याशिवाय सुरुवात करायची नाही.
ओब्दुलिया रेघेला शिव्या घालते,
त्या मी इथे लिहीत नाही.
मान वळते, गंजलेला व्हॉल्व्ह वळावा तशी,
अडते, मागे येते, पुन्हा जाते.
चौदा. तेरा. सोळा.
एका सोमवारी अठरा.
मी मुलाला बोटीवर फोन करून सांगितलं, अठरा,
जणू लॉटरीचा आकडा.
त्याच संध्याकाळी दाराची डावी चौकट
तिच्या खांद्याला लागली. निळा डाग पडला.
जहाजं टिपता आली म्हणून दार टिपता येतं असं नाही.
हेही उशियानेच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

माझी खुर्ची डावीकडे ठेवलीय, मुद्दाम.
तिथून बोलायचं, तिथूनच पाणी द्यायचं,
म्हणजे तिला शोधावं लागेल.
सात आठवडे झाले,
जी जागाच उरलेली नाही तिथे मी बसून आहे.
ती उजवीकडच्या भिंतीला विचारते, सेल्सो आला नाही का?
मी म्हणतो, आलोय.
भिंतीकडे पाहूनच ती म्हणते, मग दिवा लाव.

काल संगणक अडकला. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.
रिकामं बसण्याचा तिला पहिल्यापासून तिटकारा.
ती पुकारायला लागली, कुणासाठी कोण जाणे:
चाळीस, एकोणचाळीस, अडतीस,
तोच जुना आवाज, ओल्या फरशीचा.
तीसला मी हात वर केला.
एकोणतीस, अठ्ठावीस. हात वरच.
वीसला खांदा दुखायला लागला.
पंधरा, चौदा,
मान हलली, अडली,
तेरा,
पडद्याच्या काठावरून, रेघेवरून, रेघेच्याही पलीकडे,
बारा,
तिचे डोळे माझ्या बाहीच्या बटणावर येऊन थांबले.
विकला, ती म्हणाली. अकराला.
स्वस्तात गेलास, सेल्सो.

आज पुन्हा अर्धी तारली, पुन्हा आचारी चोर.
चक्र थांबलंय, जहाजं परत आलीत.
उशियाने माझी खुर्ची पायाने सरकवली,
आणखी वीतभर, डावीकडे.